जरासा निकाल

मुरब्याहून आलेल्या पत्राला रामकिसन बोराडे यांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र गेल्या दिवाळीतलं. आता मे महिना चालू होता, आज नातीचा दहावीचा निकाल होता, आणि पत्र अजून टेबलाच्या खणात सगळ्यात वर पडून होतं. खण उघडला की ते दिसायचं, म्हणून अलीकडे रामकिसन खणच उघडत नसत.

पत्र विहीणबाईंचं, सुनेच्या आईचं होतं. गोजराबाईंना लिहिता येत नव्हतं. सुट्टीला आलेल्या नातीला समोर बसवून त्यांनी ते सांगितलं होतं. मोबाइल असताना पत्र कशाला, याचा खुलासाही त्यांनी आतच केला होता : "फोनवर तुमी नुसतं बरं बरं म्हणता नि ठेवता, म्हणून लिवायला लावते. उन्नतीला दहावीनंतर माज्याकडं ठेवा. खाडीवर पूल झाल्यापासून पालघरचं कॉलेज जवळ आलंय. पोरीचं मन हाय. इचार करून कळवा."

रामकिसन विचार करत होते. बोईसरच्या एका कारखान्याच्या ग्रंथालयात त्यांचं आयुष्य गेलं होतं. विचार करणं त्यांना जमायचं, कळवणं जमत नसे. शिवाय मायन्यावरच गाडी अडली होती. ‘तीर्थस्वरूप’ लिहावं तर गोजराबाई वयाने लहान. नुसतं ‘श्रीमती’ लिहिलं तर बँकेचं पत्र वाटतं. ‘सप्रेम नमस्कार’ बरा होता, पण विहिणीच्या बाबतीत त्यातला ‘सप्रेम’ चालतो की नाही, याची त्यांना खात्री होईना. पत्रलेखनाची दोन पुस्तकं धुंडाळली, दोन्हींत विहीण नव्हती.

खरी अडचण मात्र मायन्याच्या पलीकडे होती आणि ती स्वयंपाकघरात वावरत होती. त्यांच्या पत्नी रत्नाबाईंनी नातीला लातूरला पाठवायचं ठरवलं होतं. त्यांच्या भावाने तिथल्या एका नावाजलेल्या क्लासमध्ये आणि मुलींच्या वसतिगृहात जागा धरून ठेवली होती. अट एकच, नव्वदच्या वर टक्के. आणि निकालाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

उन्नतीला लातूर नको होतं. परीक्षा संपल्यावर आईबरोबर मुरब्याला जाताना तिने चप्पल घालता घालता विचारलं होतं, "आजोबा, त्या पत्राचं काय झालं?"

"बघतो," रामकिसन म्हणाले होते.

"आजीशी बोला ना एकदा. तुम्ही बोललात तर होईल."

"बरं," रामकिसन म्हणाले होते, आणि बोलले नव्हते.

आज दुपारी एक वाजता निकाल लागणार होता. रत्नाबाईंनी पेढे कालच आणून ठेवले होते, कारण आज दुकानात गर्दी होईल. मनीष, त्यांचा मुलगा, कामावर होता. त्याच्या कारखान्यात मोबाइल गेटवर जमा करतात, त्यामुळे तो सुटेपर्यंत त्याला काही कळणार नव्हतं. घरात दोघंच.

"अवो, एक वाजून गेला की! बघा ना त्या मोबाइलवर," रत्नाबाई म्हणाल्या.

"बैठक क्रमांक लागतो."

"मंग टाका की."

"लिहून ठेवलाय मी. नीट ठेवलाय."

"कुठं?"

"पुस्तकात."

रत्नाबाईंनी भिंतीकडे पाहिलं. तिथं चार कपाटं होती. "कोन्त्या?"

चिठ्ठी हरवू नये म्हणून रामकिसन ती पुस्तकात ठेवत, आणि हरवत पुस्तक. अर्धा तास दोघांनी पानं झटकली. विजेची बिलं निघाली, सुकलेलं पिंपळपान निघालं, बैठक क्रमांक निघाला नाही. उन्नतीचा मोबाइल सारखा व्यस्त लागत होता. शेवटी रामकिसननी मन घट्ट करून गोजराबाईंच्या घरी फोन लावला.

फोन गोजराबाईंनीच उचलला. एरवी त्यांचा आवाज फोनशिवायही बोईसरला ऐकू यावा असा. आज त्या कुजबुजल्या.

"कोण, याहीबुवा? आलाय ओ निकाल."

"कसा आहे?"

"जरासा."

"जरासा म्हणजे?"

"जरासा म्हंजे जरासा. देवानं दिला तेवढा घ्यायचा. तुमी आत्ता कोणाला बोलू नका. आमीपण दार लावून बसलोय."

रामकिसननी मोबाइल कानाशी आणखी दाबला. मागे कुणीतरी नाक ओढत होतं. मग हुंदक्यासारखा एक लांबलचक आवाज, आणि सुनेचा, रुचिताचा आवाज : "पुरे आता आई, डोळे बघ तिचे कसे झालेत!"

"उन्नतीला देता का जरा?"

"नाय. ती आता बोलायच्या परिस्थितीत नाय. ठेवते मी."

रामकिसन खुर्चीत बसले. रत्नाबाई समोर उभ्या होत्या.

"काय म्हन्ल्या इहीनबाई?"

"जरासा लागलाय म्हणाल्या."

"निकाल कधी जरासा लागतो व्हय? निकाल लागतो, नाहीतर नाही लागत."

"मागे रडत होती ती. दार लावून बसलेत. कुणाला सांगू नका म्हणाल्या."

रत्नाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग त्या आत गेल्या, देवासमोरचा पेढ्यांचा खोका उचलला आणि पिठाच्या डब्यात खोल खुपसला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात समोरच्या घरातले मेहुलभाई होते, हातात पेढे. त्यांची प्रतीक्षाही दहावीलाच होती. मेहुलभाईंना इमारतीत न कळलेली गोष्ट सहन होत नसे. पेढा हे त्यांचं निमित्त होतं, डोळे घरभर फिरत होते.

"प्रतीक्षाला एकाहत्तर! घ्या, तोंड गोड करा. आपल्या उन्नतीचं काय, रामकिसनभाऊ? तुमचे पेढे दिसत नाहीत कुठे?"

"लागलाय," रामकिसन म्हणाले.

"किती?"

रामकिसनना खोटं बोलता येत नसे. चांगलं खोटं बोलायला लागणारा आत्मविश्वास त्यांच्यापाशी कधीच नव्हता. ते फरशीकडे पाहत म्हणाले, "जरासा."

मेहुलभाईंच्या हातातला पेढा वाटेतच थांबला. त्यांनी जमिनीवर पसरलेली पुस्तकं पाहिली, आतून येणारा रत्नाबाईंचा नाक ओढल्याचा आवाज ऐकला, आणि रामकिसनच्या खांद्यावर हात ठेवला. "समजलो. एक शब्द बोलू नका. माझ्यावर सोडा."

मेहुलभाईंवर सोडलेली गोष्ट पाच मिनिटांत इमारतीच्या ग्रुपवर गेली. त्यांनी मुलीचा मान राखून कारण लिहिलं नाही. फक्त लिहिलं, ‘बोराडे परिवारावर आज कठीण वेळ आली आहे. सर्वांनी धीर द्यावा,’ आणि खाली जोडलेल्या हातांची रांग.

थोड्याच वेळात माणसं यायला लागली. ज्यांना मेहुलभाई जिन्यात भेटले ते जुलैच्या फेरपरीक्षेची माहिती घेऊन आले. एकाने आयटीआयमधले सगळे ट्रेड तोंडपाठ म्हणून दाखवले. एकजण आपल्या तीनदा नापास झालेल्या भाच्याची गोष्ट सांगून गेला. भाच्याचे आता दोन टेम्पो आहेत आणि शिकलेले लोक त्याच्याकडे कामाला आहेत. ज्यांना मेहुलभाई जिन्यात भेटले नाहीत, त्यांच्यापैकी तळमजल्यावरच्या वैभवीताई झाकलेलं ताट घेऊन वर आल्या. ताटात पिठलं-भाकरी होती. ज्या घरात माणूस जातं तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी नेतात तशी.

दार रामकिसननी उघडलं. वैभवीताई दोन पावलं मागे सरकल्या.

"अगबाई! काका, तुम्ही आहात होय?"

"आहे," रामकिसन ओशाळून म्हणाले. आपण असल्यामुळे या बाईची पंचाईत झाली, असं त्यांना मनापासून वाटलं.

"मग... कोण?"

"दहावीचा निकाल लागला."

"हो का," वैभवीताई म्हणाल्या आणि त्यांनी हातातल्या ताटाकडे पाहिलं. "केलीच आहे तर ठेवून घ्या. गरम आहे."

याच गोंधळात लातूरचा फोन आला. रत्नाबाईंना भावाशी बोलवेना, त्यांनी फोन मेहुलभाईंच्या हातात दिला. मेहुलभाई खिडकीशी जाऊन म्हणाले, "मामा, क्लासचा विषय आता नका काढू. आधी पोरीला उभं करायचंय."

पण लातूरचा भाऊही रत्नाबाईंचाच भाऊ होता. त्याचा आवाज मेहुलभाईंच्या कानातून सगळ्या खोलीला ऐकू आला. "तुमी कोन? ताईकडून ऐकल्याबिगर म्या जागा सोडत नसतो. दिवेलागनीपत्तोर थांबतो. तवर ताईला म्हनावं, खरं काय ते सांग."

फोन ठेवल्यावर रत्नाबाई बाहेर आल्या. डोळे पुसून त्यांनी नवऱ्याच्या हातात पिशवी दिली.

"जावा मुरब्याला. पोरीला घेऊन या. अन् एक शब्द बोलू नका तिला. लेकरं काय बी करून घेतात आजच्या दिशी."

हे शेवटचं वाक्य त्या इतक्या हळू बोलल्या, की रामकिसन चप्पल उलटसुलट घालूनच निघाले. निघता निघता त्यांनी कपाटातून एक पुस्तक घेतलं. शाळेत मार खाल्लेल्या आणि पुढे मोठ्या झालेल्या माणसांची चरित्रं होती त्यात. आपल्या शब्दांवर त्यांचा भरवसा नव्हता. पुस्तकाच्या शब्दांवर होता.

सहा आसनी रिक्षात ते कडेला बसले. शेजारी कारखान्यातून सुटलेला एक तरुण कामगार होता. धीर देणारा एखादा उतारा आधीच पाठ करावा म्हणून रामकिसननी पुस्तक उघडलं, तर मधोमध एक चिठ्ठी. तिच्यावर त्यांच्याच नेटक्या अक्षरात बैठक क्रमांक, आणि कंसात आईचं नाव, रुचिता.

कामगाराने डोकावून पाहिलं. "दसवीं का है क्या, चाचा? लाइए, अभी देख देता हूँ. एक मिनट का काम है."

रामकिसननी चिठ्ठीवर पटकन अंगठा ठेवला. "नहीं, नहीं. रहने दो."

"अरे, डरते क्यों हो? नंबर तो बोलो."

"कळलाय निकाल," रामकिसन मराठीत म्हणाले आणि पुस्तक मिटलं. आकडा डोळ्यांनी बघायचा धीर त्यांना नव्हता. तो मुलगा मुरब्यापर्यंत त्यांच्याकडे संशयाने बघत राहिला. हा म्हातारा भलत्याच कुणाचा नंबर घेऊन फिरतोय, असं त्याला वाटत असावं.

मुरब्यात बांबूंच्या ओळींवर बोंबील वाळत होते. मासेमारीची पावसाळी बंदी लागायच्या आत वाळवून घ्यायची घाई सगळीकडे होती. ओळीपाशी उभ्या असलेल्या म्हातारीने रामकिसनना ओळखलं.

"गोजराबायचे याही ना तुमी? जा जा. घरातच हायत सगली. दुपारपासनं दार बंद हाय."

"काही... ऐकलं का तुम्ही?"

"आमी कशाला ऐकू दुसऱ्याचं?" म्हातारी बोंबील उलटत म्हणाली. "जरासा लागलाय म्हणं."

म्हणजे गावभर झालं होतं. घराजवळ येताच नाकात जळक्या मिरचीचा वास शिरला. त्यांनी दार वाजवलं. मग दार बोटभर उघडलं आणि फटीत गोजराबाईंचा एक डोळा दिसला.

"एकटंच आलाव? मागं कोण नाय ना?"

"नाही."

"बगा नीट."

रामकिसननी मागे वळून पाहिलं. एक मांजर होतं. "कोणी नाही."

गोजराबाईंनी त्यांना दंडाला धरून आत ओढलं आणि कडी लावली. कोपऱ्यात उन्नती बसली होती. डोळे लालभडक, पापण्या सुजलेल्या. शेजारी रुचिता तिला ओल्या फडक्याने पुसत होती. रत्नाबाईंनी एक शब्द बोलू नका म्हटलं होतं, पण त्यांनी पुस्तक छातीशी धरलं आणि वाटेत जुळवलेलं वाक्य सुरू केलं.

"बाळा, शाळेची परीक्षा म्हणजे आयुष्य नव्हे. जगातली कितीतरी थोर माणसं शाळेत... शाळेत फारशी..."

उन्नतीने ओढणी तोंडात कोंबली. तिचे खांदे हलत होते. रामकिसन आणखी घाबरले. "रडू नकोस. जुलैत पुन्हा संधी असते. मेहुलभाईंकडे सगळी माहिती आहे."

आता रुचितालाही हसू आवरेना. उन्नतीने ओढणी काढली आणि मोबाइल त्यांच्यासमोर धरला.

पडद्यावर चौऱ्याण्णव टक्के होते.

"हा कुणाचा?" रामकिसननी विचारलं.

"माझा, आजोबा."

रामकिसनना पटेना. त्यांनी पुस्तकातली चिठ्ठी काढली, चष्मा पुसला आणि एकेक अंक जुळवून पाहिला. आईचं नाव पाहिलं. मग रुचिताकडे पाहिलं, ती तीच होती.

"मग ‘जरासा’ कसं म्हणालात तुम्ही?" ते गोजराबाईंना म्हणाले. विहिणीला त्यांनी आयुष्यात विचारलेला हा पहिला जाब होता.

गोजराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तर काय बोंबलू? याहीबुवा, मासलीनं बोट भरून आली तरी आमच्यात बंदरावर कोण सांगत नाय, नजर लागते. कोणी इचारलं, काय मिलालं, तर म्हणायचं, जरासा म्हावरा. ऐकणारा समजतो काय ते. रिकामी आली की मग छाती काढून सांगायचं, बरा मिलाला."

"आणि ही रडत होती ते?"

"रडतंय कोण? मीठ-मिरच्या उतरवल्या तिच्यावरनं, दुपारी नि आत्ता परत. ही अशी कशी बसली, सगला धूर तोंडावर!"

"मी सांगत होते आईला, पुरे म्हणून," रुचिता म्हणाली.

रामकिसननी पुस्तक मिटून पिशवीत टाकलं. बोईसरची इमारत, पिठलं-भाकरी, आयटीआय, दोन टेम्पो, सगळं डोळ्यांपुढून गेलं. ही गोष्ट आता कुणाकुणाला सांगायची, हे ते बोटांवर मोजू लागले. तेवढ्यात त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. रत्नाबाई.

"पोचलाव का? पोर कशी हाय?"

"चांगली आहे. अगं ऐक, ती..."

आणि रामकिसन थांबले. समोर उन्नती होती. ती आता हसत नव्हती. चप्पल घालता घालता पत्राचं विचारलं तेव्हा तिने जसं पाहिलं होतं, तसंच ती पाहत होती. चौऱ्याण्णव हा शब्द त्यांच्या जिभेवर होता. तो बोईसरला पोचला की दुसऱ्या मिनिटाला लातूरला पोचणार होता.

"दिवे लागायच्या आत आकडा बोलायचा नाय," गोजराबाई छपराकडे बघत म्हणाल्या. "रिवाज हाय."

"पास आहे," रामकिसन फोनमध्ये म्हणाले.

"देवा! पास हाय?" रत्नाबाईंचा आवाज एकदम मोकळा झाला. "अन् इथं समदे जुलैच्या गोष्टी करायल्यात! किती मिळाले?"

"जरासे."

"पन किती?"

"आत्ता नको विचारूस. दिवे लागले की सांगतो."

"काहून? दिव्याचं काय?"

"रिवाज आहे."

"कुनाचा?"

रामकिसननी गोजराबाईंकडे पाहिलं. त्या अजून छप्परच बघत होत्या. "इकडचा," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरचा बोलत असताना त्यांनी फोन ठेवला.

मग सगळे दिवे लागायची वाट बघत बसले. मे महिन्यातला सूर्य, लवकर मावळेना. गोजराबाईंनी बोंबील तळले. रामकिसन एकेक घास संशयाने खात होते. संशय माशावर नव्हता, स्वतःवर होता. आपण लपवतोय की रिवाज पाळतोय, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मध्येच फोन पुन्हा वाजला. लातूर! त्यांनी तो उन्नतीकडे दिला, उन्नतीने आईकडे, आईने गोजराबाईंकडे, आणि गोजराबाईंनी तो उशीखाली ठेवला.

शेवटी अंधार पडला. गोजराबाईंनी देवापुढे दिवा लावला, हात जोडले आणि वळून म्हणाल्या, "आता सांगा. घराबाहेर उभं राहून मोठ्यानं सांगा."

रत्नाबाईंनी पहिल्या घंटीलाच फोन उचलला.

"अवो, म्या लातूरला कळवलं," त्याच आधी बोलल्या. "म्हन्लं, पोर पास झाली हेच लई झालं, तू दे जागा दुसऱ्याला. दिली त्यानं. जाऊ द्या. आता सांगा किती ते."

"चौऱ्याण्णव."

मग रत्नाबाई म्हणाल्या, "आन् म्या पेढे पिठात घातले!"

त्यापुढे त्या पुष्कळ बोलल्या. रामकिसननी ते सगळं ऐकून घेतलं, आणि बोलणं संपल्यावर एकदाही ‘बरं’ न म्हणता ते म्हणाले, "पोरीला लातूर नको होतं. माझं तुझ्याशी बोलायचं राहिलं. ती इथं राहील, पालघरला शिकेल. अकरावीचा अर्ज आपण सगळे मिळून भरू."

"अन् हे तुमी फोनवर सांगताय?"

"समोर जमलं नसतं," रामकिसन म्हणाले.

पलीकडे पिठाच्या डब्याचं झाकण वाजलं. "पेढे चाळून ठिवते," रत्नाबाई म्हणाल्या. त्यावरून रामकिसनना वाटलं की झालं असावं, पण खात्री नव्हती.

आत येऊन ते गोजराबाईंसमोर बसले. मनात दुपारपासून घोळत असलेलं त्यांनी विचारलं, "विहीणबाई, हा दिवेलागणीचा रिवाज किती जुना?"

गोजराबाई दिव्याची वात सारखी करत होत्या. "बोटीवरचा होय? पणजोबापासनं."

"तो नव्हे. आकडा दिवे लागल्यावर सांगायचा, तो."

गोजराबाईंनी दिव्यात आणखी तेल ओतलं.

"दुपारी एकपासनं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बोईसरच्या इमारतीत पेढे वाटले गेले. त्यांना थोडं पीठ लागलेलं होतं, त्यामुळे कुणाचा विश्वास बसला नाही. वैभवीताईंनी ताट परत घेताना रत्नाबाईंचा हात दाबून, "खचू नका हं," असंच म्हटलं. मेहुलभाईंनी पडद्यावरचा निकाल तीनदा पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, आपल्यात असं खोटं दाखवायची काय गरज होती?" मनीष कामावर गेला तेव्हा गेटवरच्या माणसाने त्याला आयटीआयचं माहितीपत्रक दिलं.

रामकिसननी खण उघडला. पत्र घेतलं, कागद घेतला, आणि मायना शोधत न बसता थेट लिहायला सुरुवात केली. तीन ओळींतच पत्र संपलं. ‘पत्र मिळालं. उन्नती तुमच्याकडे राहील. कळवायला जरासा उशीर झाला.’

टपालपेटीपाशी मेहुलभाई भाजी घेऊन उभेच होते. त्यांनी पाकिटाकडे मान वाकडी करून पाहिलं.

"काय रामकिसनभाऊ, फेरतपासणीचा अर्ज का? चांगलं केलंत. वाढतील मार्क. किती वाढायची आशा आहे?"

"जराशी," रामकिसन म्हणाले, आणि त्यांनी पत्र पेटीत टाकलं.